वीस इंच जागा

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींचं. मी बरी आहे, मुलगा-सून काळजी घेतात, तू तुझी तब्येत सांभाळ. तू तीन ओळी लिहितेस तेव्हा तीस गिळलेल्या असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्याबद्दल नंतर. आधी मला माझी फुशारकी मारून घेऊ दे. गुरुवारपासून ती पोटात मावत नाहीये आणि गल्लीत आता ऐकायला कोणी उरलं नाही, सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झालंय. चहावाला तर मला लांबून येताना बघितलं की आपणहूनच म्हणतो, हो वहिनी, पास झाला, माहीत आहे.

तर ताई, आमचा ट्रक पास झाला. केबिनची मागची भिंत वीस इंच मागे सरकवून, आत माणूस ताठ झोपेल एवढी जागा करून, आणि तरीही तपासणीच्या कागदावर रीतसर शिक्का घेऊन. आमच्या गल्लीत केबिनी वाढवणारे पैशाला पासरी आहेत. शिक्का घेऊन दाखवणारं कोणी नव्हतं. आता आहे.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील, ही नेहमीसारखी शेवटाकडून उसवायला लागली.

तुझे मेहुणे केवढे उंच आहेत ते तुला सांगायला नको. आमच्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि मला उभं केलं, तरी दोघांची डोकी एका रेषेत आली. गल्लीत त्यांना सगळे खांबच म्हणतात. हा खांब चोवीस वर्षं ट्रकच्या केबिनमध्ये झोपला. दोन सीट, त्यांच्या मधे इंजिनाचा उंचवटा, त्यावर घडी घातलेलं पांघरूण, आणि त्या सगळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन हे. ड्रायव्हर लोक असंच झोपतात, त्यात काय, असं तेच मला सांगायचे. पण ताई, घरी आले की घरच्या पलंगावरही ते तसेच मुटकुळं करून झोपायचे. हातपाय पसरायला एवढी जागा, आणि हा माणूस एका कोपऱ्यात. सरळ कसं झोपायचं हे शरीरच विसरून गेलं होतं. मी कितीदा बघितलं असेल ते. बघितलं आणि दिवा मालवला. नवऱ्याचं झोपणं हे काय बोलायचं असतं, असं वाटायचं.

गेल्या वर्षी एके दुपारी माल उतरवायच्या ठिकाणी ते केबिनमधून खाली उतरायला गेले आणि पायरीवर अडकले. पाऊल पुढे नाही, मागे नाही. शेवटी हमालांनी त्यांना कपाट उतरवतात तसं चौघांनी धरून उतरवलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, मणक्यातली गादी दबली आहे. मला त्याही वेळी हसू आलं बघ. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ट्रकच्या गाद्या शिवतेय, आणि दबली ती घरातलीच. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. रोज ताठ झोपलात तर अजून दहा वर्षं गाडी चालवाल, नाहीतर ट्रक सोडा. ह्यांच्या कानांनी त्यातलं शेवटचंच ऐकलं.

मग ते घरी बसले. तू घरी बसलेला माणूस बघितला आहेस, त्यामुळे जास्त लिहीत नाही. माझ्या दुकानातली दोऱ्याची रिळं त्यांनी रंगाप्रमाणे लावली, मग जाडीप्रमाणे लावली, मग परत रंगाप्रमाणे. सकाळी उठून गल्लीच्या तोंडाशी उभ्या ट्रकचे आरसे पुसून यायचे. न चालणाऱ्या ट्रकचे आरसे! एक दिवस एक गिऱ्हाईक ट्रक विकत घ्यायचा म्हणून बघायला आलं. त्याने टायरला लाथ मारली, तशी सगळेच मारतात, पण ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी दुकानाच्या दारातून ते बघितलं आणि ठरवलं की ट्रक जायचा नाही.

संध्याकाळी त्यांना माझ्या कापायच्या टेबलावर आडवं व्हायला लावलं. ते म्हणाले, माझा कोट शिवतेस का? मी म्हटलं, गप्प पडून राहा आणि टाचा टेकवा. टेप लावली. सहा फूट एक इंच. मग तीच टेप घेऊन ट्रकमध्ये चढले. केबिनची आतली रुंदी, या दारापासून त्या दारापर्यंत, सहा फूट पाच. म्हणजे आडवं झोपायला लांबी होती! फक्त सीटच्या मागे भिंतीपर्यंत जागा नऊ इंच. माणसाला कूस बदलता येईल अशी गादी म्हणजे एकोणतीस इंच. मी त्या नऊ इंचांत हात घालून बराच वेळ बसले. चोवीस वर्षांची ठणक, आणि कमी पडतंय काय, तर वीस इंच.

माझ्या दुकानासमोर पत्रेवाले काका आहेत. चाळीस वर्षं ट्रकच्या बॉडी बांधतात, पत्रा त्यांच्या हातात कापडासारखा वळतो. ते म्हणाले, चार दिवसांत भिंत मागे घेतो, रंग मारतो, कोण बघतंय? मी म्हटलं, काका, आधी कागद. त्यांना राग आला. त्यांचं म्हणणं, कागदवाले नाहीच म्हणतात, त्यांना विचारायचं कशाला. पण ताई, त्याआधी काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक सीट दुरुस्तीला आली होती. कुठल्यातरी दूरच्या गॅरेजात वाढवलेल्या केबिनमधली. त्यांनी मागचे खांब कापले आणि परत धड जोडलेच नाहीत. मागून साधा धक्का बसला आणि भिंत पुठ्ठ्यासारखी आत आली. ड्रायव्हर वाचला, पण आता तो काठी घेऊन चालतो. ती सीट मी शिवली नाही, परत दिली. तिची पाठ बघितली होती मी. तिथे हे झोपलेले मला नको होते.

म्हणून आम्ही दोघं वाहन तपासणीच्या ऑफिसात गेलो. तिथली अधिकारी तुझ्या सुनेच्या वयाची आहे. पिशवीत एक छोटी हातोडी ठेवते आणि गाडीला टकटक करत फिरते, म्हणून ड्रायव्हर तिला हातोडीबाई म्हणतात. आम्हाला वाटलं, दारातूनच परत पाठवणार. तिने खुर्ची दिली, एक कोरा कागद ओढला आणि अटी लिहायला लागली. दाराचे आणि छताचे खांब यांना हात लावायचा नाही. नवी भिंत जुनीपेक्षा कमजोर चालणार नाही. ट्रकची एकूण लांबी बोटभरही वाढता कामा नये, म्हणजे केबिन जेवढी मागे जाईल तेवढा मालाचा हौदा कापायचा. पुढच्या चाकांवर किती वजन येतं ते काट्यावर दाखवायचं. इंजिनाचं काम करायला केबिन पूर्वीसारखीच पुढे कलली पाहिजे. आणि जो आत झोपणार, त्याला दारं अडकली तरी बाहेर पडायला दुसरी वाट हवी. एवढं सगळं नकाशावर काढून आणा, मग पत्र्याला करवत लावा, असं म्हणाली.

परत येताना हे बोटांवर खोकी मोजत होते. हौदा वीस इंच कापायचा म्हणजे खोक्यांच्या दोन ओळी कमी. ड्रायव्हर माणसाला ते बोट कापल्यासारखंच. गल्लीचं वळण आलं तेव्हा म्हणाले, दोन ओळी गेल्या तर गेल्या, त्या जागी मी तरी मावतो ना, एवढंच बघ.

काका दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कानावर पेन्सिल खोचून आले आणि म्हणाले, दाखव त्या बाईचा कागद. वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, बाईला काम कळतं. ताई, काकांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

आता माझा पराक्रम ऐक. नकाशा झाला, काकांनी भिंतीची मापं घेतली, खाली गादीच्या तळाशी सामानाचा खोल कप्पाही काढला. सगळं छान दिसत होतं. पण मला चैन पडेना. आपण अंगावर घालून बघितल्याशिवाय कधी कापड कापलंय का? आधी जुन्या कापडाचं बेतून बघायचं, हे तूच शिकवलंस. मी फ्रिजच्या दुकानातून मोठी खोकी आणली, आणि त्या पुठ्ठ्याची अख्खी नवी भिंत कप्प्यासकट शिवली. हो, शिवली, दाभणाने. ती केबिनच्या मागे बांधली आणि ह्यांना म्हटलं, आता कलवा केबिन. काका हसत होते. केबिन पुढे कलायला लागली, मागची बाजू वर उचलायला लागली, आणि तो खालचा कप्पा मागे झुलून हौद्याच्या पत्र्याला असा घासला की पुठ्ठा टरकन फाटला. पुठ्ठ्याच्या जागी लोखंड असतं तर? रस्त्यात इंजिन बिघडलं असतं आणि केबिन उघडलीच नसती. काकांचं हसू थांबलं. मग मी कप्प्याची खालची कड तिरकी कापली, झग्याचा घेर काढतो तशी. परत बांधली, परत कलवली. दोन बोटं जागा ठेवून सुटली. काकांनी तो फाटका पुठ्ठा घडी करून त्यांच्या कपाटावर ठेवला आहे. आलेल्या-गेलेल्याला दाखवतात आणि सांगतात, हे शिंपीकाम नाही, इंजिनिअरिंग आहे.

काम अकरा दिवस चाललं. मागची भिंत कापून काढली तेव्हा केबिनमध्ये एकदम एवढा उजेड आला की हे तिथून निघूनच गेले. त्यांना बघवेना. काकांनी आधी चौकोनी नळ्यांचा सांगाडा जुन्या खांबांना जोडला, खांब एकही न कापता, मग त्यावर पत्रा. हौदा मागे घेतला. एका बाजूला आतून उघडणारी खिडकी बसवली, माणूस बाहेर पडेल एवढी. गादीच्या वर ह्यांनी एक घडीची फळी करून घेतली, सामानासाठी. आणि मला म्हणाले, फळीवर पण पातळ गादी शिव, सामान फार खडखडतं. मी कुरकुर केली. पाच फूट दोन इंचांची गादी, मऊ, कडेला गोट लावून, आणि त्यावर काय ठेवणार तर जॅक आणि पान्हे! पण शिवली.

पहिल्या तपासणीला आम्ही तिघं नटून गेलो. काकांनी तर दाढी केली होती. हातोडीबाईंनी जोड न् जोड वाजवून बघितला. लांबी मोजली. केबिन दोनदा कलवायला लावली. काट्यावर वजन झालं, बरोबर भरलं. खिडकी उघडून बघितली. मग ती गादीपाशी आली. ताई, तिने खोळ उलटी करून आधी आतली बाजू बघितली. माझी छाती अशी फुगली! मनात म्हटलं, ही तुझ्याच हाताखालची दिसते. शिवण चांगली आहे, असं म्हणाली सुद्धा. आणि मग तिने गादीच्या आतल्या स्पंजचा बोटाएवढा तुकडा आणि खोळीची एक चिंधी कापली, बाहेर नेऊन पत्र्यावर ठेवली आणि काडी लावली.

ते भक्कन पेटलं. काळा धूर निघाला आणि थेंब गळायला लागले, जळते थेंब. आम्ही चौघं ते विझेपर्यंत बघत उभे होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओरडून नाही, अगदी हळू म्हणाली, "बाई, झोपलेला माणूस जागा व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही वेळ ही गादी देणार नाही."

नापास. काकांचं लोखंड पास, ह्यांचा ट्रक पास, आणि नापास झाले मी. काका तेव्हा मला काहीही बोलू शकले असते. मी त्यांना एवढं ऐकवलं होतं, आधी कागद, आधी कागद. पण परतीच्या वाटेवर ते फक्त म्हणाले, धूर फार वाईट होता गं. त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मला स्वतःच्या नापास होण्याचं तेवढं वाटलं नाही. मला बाकीच्या सीटा दिसायला लागल्या. बावीस वर्षं तोच स्पंज, तेच रेक्झिन. किती केबिनी असतील? किती माणसं त्यावर पाठ टेकून, बिडी ओढत, बसली असतील? मी सुबक शिवण घातली, लोकांनी वाहवा केली, आणि आत काय भरतेय ते एकदाही पेटवून बघितलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानासमोर पत्र्याचं तबक ठेवलं आणि तुकडे जाळायला बसले. ज्या ज्या दुकानात स्पंज मिळतो तिथून नमुने आणले. गल्लीतले लोक येऊन विचारायचे, वहिनी आज काय भाजताय? मी मोजत होते. पेटायला किती आकडे लागतात, विझायला किती, थेंब गळतो का, धूर डोळ्यांना झोंबतो का. एकतिसावा तुकडा नुसता काळा पडला आणि आपोआप विझला. बसगाड्यांच्या सीटा करणाऱ्या एका कारखान्याचा होता तो, जड, करड्या रंगाचा. आणि त्याला जोडून एक विणलेलं जाड कापड, तेही तसंच, पेटता पेटेना. माझ्या आयुष्यात एवढा आनंद मला कुठलं कापड न जळल्याचा होईल असं वाटलं नव्हतं.

पण ते कापड शिवायचं म्हणजे सत्त्वपरीक्षा. चार पदर एकत्र आले की सुई कट्कन मोडायची. पहिल्या दिवशी सात सुया गेल्या. तेव्हा तुझी आठवण आली. आई गेल्यावर तू शाळा सोडून मशीनवर बसलीस, चौदा वर्षांची, आणि कोणीतरी तंबूची कनात शिवायला आणून टाकली होती. तू पेडलवर पाय ठेवलाच नाहीस. हाताने चाक फिरवत, एकेक टाका घालत, सगळी कनात पुरी केलीस, आणि मी खाली बसून जड कापड उचलून धरत होते. मला वाटलं, तुला विचारावं, सुई कितीची होती आणि दोऱ्याला मेण लावलं होतंस की साबण. फोन केला तर भाच्याने उचलला. तू झोपली होतीस. दिवसा अकरा वाजता. तू!

मग बोलता बोलता त्याच्याकडून कळलं की तुझं मशीन आता घरात नाही. त्याने वाईट मनाने केलं नाही ताई, हे मला पण समजतं. दाजी गेल्यावर तुला त्याने आपल्याकडे नेलं, तुझी खोली नीट केली, मशीन जुनं झालं होतं ते देऊन टाकलं, आणि तुला सांगितलं की आयुष्यभर शिवलंस, आता आराम कर. मी विचारलं, मग दिवसभर ती करते काय? तो म्हणाला, खिडकीत बसते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आठवी सुई मोडली. मग मी पेडलवरून पाय काढला आणि चाक हाताने फिरवायला घेतलं. दोन्ही गाद्या तशाच शिवल्या, एकेक टाका. दोऱ्याला मेण लावलं. साबणाने डाग पडला असता.

दुसऱ्या तपासणीआधी हे एकटेच सुधारलेला नकाशा द्यायला ऑफिसात जाऊन आले. मी लक्ष दिलं नाही, माझे हात कामात होते. गुरुवारी सकाळी परत गेलो. हातोडीबाईंनी पुन्हा तुकडे कापले, पुन्हा काडी लावली. काळे पडले, विझले. तिने दुसरी काडी लावली. पुन्हा विझले. मग तिने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने बूट काढले, केबिनमध्ये चढली आणि चक्क गादीवर आडवी झाली. दारं बाहेरून बंद करायला सांगितली. आम्ही खाली उभे. आतून काही आवाज नाही. मग बाजूची खिडकी उघडली, आधी तिचे हात आले, मग डोकं, आणि ती सरळ त्या खिडकीतून खाली उतरली, मोज्यांवर. कपडे झटकले आणि म्हणाली, पडता येतं बाहेर.

मग नकाशा उघडून तिने विचारलं, आता वरची जागा. मी म्हटलं, ती सामानाची फळी आहे. ती म्हणाली, "नकाशात तर माणूस लिहिलाय. पाच फूट एक इंच."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पुढच्या टायरकडे बघत होते, जणू त्यात काहीतरी अडकलंय. काका एकदम बरोबर आणलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण लावायला गेले, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. फळीचे बिजागर एवढे भक्कम का, तिच्याखाली आडवे गज का, कडेला पडू नये म्हणून पट्टे का, मला आत्ता उमगलं. माझी उंची ह्यांनी कधी मोजली, देव जाणे. एवढी वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं कोणी घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, हे काय? तर हा माणूस, जो चोवीस वर्षांत पत्रात सुद्धा माल पोचला आणि पाऊस आहे यापलीकडे काही लिहीत नाही, टायरकडे बघतच म्हणाला, "एकट्याने ताठ झोपून काय करू?"

मी तिथून हलले. केबिनमध्ये चढून वरच्या गादीचा गोट सरळ केला. तो सरळच होता.

बाईंनी वरच्या फळीवर वाळूची पोती ठेवून तीही तपासली, पट्टे ओढून बघितले आणि कागदावर शिक्का मारला. त्या कागदावर एक रकाना असतो, काम कोणी केलं त्याचा. तिथे काकांचं नाव लिहिलं, आणि त्याखाली, आतली गादी व शिवणकाम, असं लिहून माझं पूर्ण नाव विचारलं. ताई, आजवर सरकारी कागदावर माझं नाव कोणाची तरी मुलगी नाहीतर कोणाची तरी बायको म्हणून आलं. कामासाठी हे पहिल्यांदा. मी नाव सांगितलं तेव्हा काका मागून हळूच म्हणाले, नीट लिहा बाई, काना-मात्रा चुकवू नका.

घरी आल्यावर ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा केला. भर दुपार होती. हे म्हणाले, पाच मिनिटं पडून बघतो. मी थोड्या वेळाने काच पुसायच्या निमित्ताने वर चढून बघितलं. आधी तसेच, मुटकुळं करून. मी उतरणार तेवढ्यात त्यांचा एक पाय हलला, झोपेतच लांब झाला, समोरच्या पत्र्याला लागतोय का ते त्याने चाचपलं. लागला नाही. मग दुसरा पाय. आणि मग ते पाठीवर वळले आणि हात बाजूला सोडून दिले. तोंड थोडं उघडं. मी पायरीवर उभी राहून सहा फूट एक इंच नवरा पहिल्यांदा सबंध बघितला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. पुढच्या फेरीपासून मी ह्यांच्याबरोबर जातेय. महिन्यातले पंधरा दिवस रस्त्यावर, पंधरा दुकानात. पण मी शिवलेल्या जुन्या सीटांची यादी मी भिंतीवर लिहून काढली आहे आणि एकेका ड्रायव्हरला निरोप धाडून परत बोलावतेय. एकोणीस आल्या, बदलून दिल्या. आठवल्या तेवढ्यांपैकी अजून चौसष्ट बाकी आहेत. त्या मी भलत्या हातात देणार नाही. मला असा हात हवा, जो चार पदरांवरून घाई न करता जाईल, आणि असा हात मला एकच माहीत आहे. तो सध्या खिडकीत बसून आहे. मी तुला पाहुणी म्हणून बोलावत नाहीये ताई, आणि दया येऊनही नाही. मला कामाला माणूस हवंय आणि माझं दुकान मी बाहेर असताना उघडं राहायला हवंय. भाच्याला मी वेगळं पत्र लिहिलं आहे, गोडीत लिहिलं आहे, तो ऐकेल. नाही ऐकलं तर तू मोठी आहेस. येत्या मंगळवारी आमची फेरी तुझ्या गावावरून परत येते. तुझ्या गल्लीत ट्रक शिरणार नाही, तेव्हा सकाळी दहाला मोठ्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहा. पुढे मधल्या उंचवट्यावरही आता रीतसर सीट आहे, तीन जणांची परवानगी आहे, तिघांनाही पट्टे आहेत, आणि दमलीस तर खालची गादी रिकामी आहे. कपडे दोन जोड आण, चष्मा आण, बाकी सगळं दुकानात आहे. फक्त उशीर करू नकोस. तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करता येत नाही, आणि आम्ही आता नियमाने चालणारी माणसं आहोत.

तुझीच,
अजूनही दोरा दातांनी तोडणारी
धाकटी